बाई, तुम्हाला कुणी सांगितलं?

1996 साली, श्रावणातल्या एका शनिवारी, नववी ‘ब’च्या प्रश्नपेटीतून एक चिठ्ठी निघाली. वहीच्या मागच्या पानाचा फाडलेला तुकडा, चार घड्या, आत पेन्सिलीने एकच ओळ : ‘बाई, तुम्हाला हे कुणी सांगितलं?’

पेटी म्हणजे बुटांचं खोकं. झाकणाला ब्लेडने पाडलेली चीर, कडेने चिकटपट्टी. शाळा सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षबागांच्या पट्ट्यातली. मी तिथे विज्ञान शिकवायची. पेटीचा नियम असा, की चिठ्ठी प्रत्येकाने टाकायचीच. प्रश्न नसेल त्याने कोरी टाकायची. नाहीतर कोण उठून पेटीपर्यंत गेलं ते सगळा वर्ग बघतो आणि मधल्या सुट्टीच्या आत त्याला नाव पडतं. शनिवारच्या सकाळच्या शाळेत कवायत उरकली की मी खोकं उघडायची. 62 चिठ्ठ्यांतल्या 40 तरी कोऱ्या निघत. उरलेल्यांची उत्तरं द्यायची.

त्या दिवशी ती चिठ्ठी वाचली, पुन्हा घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. उत्तर दोन शब्दांचं होतं : कुणीच नाही. पण सांगणाऱ्या बाईलाच कुणी सांगितलेलं नसेल, तर मग आपल्याकडे शरीराचं, लैंगिकतेचं हे सगळं कुणी कुणाला, कधी, कसं सांगितलं? पुढची बरीच वर्षं मी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत, वाचनालयांत, प्रशिक्षणांतल्या चहाच्या वेळेत हे विचारत राहिले.

मला पाळी आली 1969 साली. मी 13 वर्षांची. आईने परसात नेलं, जुन्या लुगड्याची घडी हातात दिली आणि म्हणाली, “कावळा शिवला. चार दिस कुणाला शिवू नगंस.” माझं लैंगिक शिक्षण इथे सुरू झालं आणि इथेच संपलं. मी खरोखर आभाळात कावळा शोधला होता.

आजीच्या वेळी ही लपवाछपवी नव्हती. तिचं लग्न नवव्या वर्षी झालेलं. ‘न्हाण आलं’ तेव्हा सासरी केळीचे खांब लावून मखर सजवलं, तिला हिरवं लुगडं नेसवून आत बसवलं, गल्लीतल्या बायका गाणी म्हणत आल्या, ओटी भरली, दाराशी वाजंत्री वाजली. पदर आल्याची बातमी साऱ्या गावाला कळली. आपल्याला काय झालंय हे फक्त तिला माहीत नव्हतं. “मला वाटलं, पोटात कायतरी फुटलं, आता मी मरणार, म्हणून ह्या बाया शेवटचं गोडधोड घालत्यात,” असं ती सांगायची आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसायची.

मखरामागोमाग गर्भाधान. 1891 चं संमतिवयाचं बिल याच उंबऱ्यावर अडलं होतं. मुलीचं संमतिवय 10 वरून 12 करायचं, एवढीच बाब. बंगालमध्ये फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. मुंबईत बेहरामजी मलबारी कितीतरी वर्षं लिहीत होते. पुण्यात टिळकांचा ‘केसरी’ म्हणत होता, सरकारने आमच्या संस्कारांत हात घालू नये, आगरकरांचा ‘सुधारक’ बिलाच्या बाजूने उभा होता, आणि रा. गो. भांडारकर धर्मग्रंथ उघडून दाखवत होते, की प्रथम ऋतूला लगेच गर्भाधान केलंच पाहिजे असं शास्त्र म्हणत नाही. सुधारकांची सभा उधळली गेली. कायदा झाला. त्या वादातलं जेवढं मी वाचलं, त्यात मुलीच्या शरीरावर कुणाचा हक्क यावर पानंच्या पानं आहेत. त्या मुलीला काय ठाऊक आहे आणि तिला कुणी काही सांगावं की नाही, यावर मला एक ओळ सापडली नाही.

मुलग्यांची शाळा वर्षातून एकदा भरायची, शिमग्याला. होळीभोवती बोंब मारत ज्या शिव्या घातल्या जात, त्यांतून शरीररचनेचा जेवढा पाठ मिळेल तेवढा. बाकीचं तमाशाच्या फडात, गुरं राखताना, पुढे पुढे एस.टी. स्टँडवरच्या पिवळ्या पुस्तकांत. आणि या सगळ्यावर उतारा म्हणून ब्रह्मचर्याच्या पुस्तिका. वीर्य म्हणजे जीवन, ते गेलं की आयुष्य गेलं, स्मरणशक्ती गेली, डोळे खोल गेले. या भीतीवर एक आख्खा धंदा उभा राहिला. सांगलीहून मिरजेकडे जाताना भिंतींवर चुन्याने रंगवलेल्या ‘गुप्तरोग, हताश होऊ नका’ या जाहिराती मी लहानपणापासून बघत आले. माझ्या पेटीत 1996 सालीसुद्धा मुलग्यांच्या दर तीन चिठ्ठ्यांत एक ‘धातू जाण्या’ची असे. 15 वर्षांचं पोर, अभ्यासात चांगलं, आणि आपण आतून संपत चाललोय या धास्तीने रात्र रात्र जागं.

र. धों. कर्वे हे नाव मला बी.एस्सी.ला कुणी सांगितलं नाही आणि बी.एड.लाही नाही. महर्षी कर्व्यांवर धडा होता. त्यांच्या थोरल्या मुलावर नव्हता. मुंबईला विल्सन कॉलेजात गणित शिकवणारे, पॅरिसला राहून आलेले हे गृहस्थ 1921 साली संततिनियमनाचं केंद्र काढतात. मेरी स्टोप्सबाईंचं लंडनचं केंद्रही त्याच वर्षीचं. कॉलेजने सांगितलं, हे काम सोडा नाहीतर नोकरी. 1925 साली कर्व्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई कामात बरोबरीने. मूल होऊ द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलेलं. आणि 15 जुलै 1927 ला ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला.

एका जुन्या वाचनालयात मला त्याचे बांधीव अंक मिळाले. ग्रंथपालांनी काढून दिले खरे, पण मी वाचायला बसले तसे तेही समोरची खुर्ची ओढून बसले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. मी अंक असा धरला की ते चित्र टेबलाकडे जाईल, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. चाळीशीची बाई, नववी-दहावीला प्रजननसंस्था शिकवणारी, आणि हात अजून परसातल्या त्या मुलीचे.

लेखांपेक्षा मला ओढ लागली ती वाचकांच्या प्रश्नोत्तरांची. प्रश्न विचारणाऱ्यांची भीती ओळीओळीतून दिसत होती, आणि ती थेट माझ्या पेटीतली भीती होती. साठ-सत्तर वर्षांत अक्षर बदललं होतं, शाई बदलली होती, प्रश्न तेच. कर्व्यांची उत्तरं कोरडी असत. गोंजारणं नाही, उपदेश नाही, देवाधर्माची आण नाही. गणिताच्या मास्तरने उदाहरण सोडवावं आणि खाली रेघ मारावी, तसं. हस्तमैथुनाने अपाय होत नाही, हे ते सांगत ते अशा थंडपणे, की विचारणाऱ्याला पाठीवर हात फिरल्यासारखं वाटलं असेल. कर्व्यांचं सगळंच मला रुचतं असं नाही. समोरच्याच्या अडाणीपणाविषयीची चीड ते लपवत नाहीत, आणि वर्गात तशी चीड एकदा दिसली की पेटी कायमची कोरी होते. शिवाय मासिक मोठ्यांचं, लिहितावाचता येणाऱ्यांचं. आमच्या गावात ते कधी आलं असेल असं मला वाटत नाही.

खटल्यांची गोष्ट आता नाटक-सिनेमामुळे पुष्कळांना माहीत झाली आहे. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’, अतुल पेठ्यांनी बसवलेलं ‘समाजस्वास्थ्य’. पण त्यातला एक बारकावा शिक्षक म्हणून मला फार मोठा वाटतो. 1931 सालचा खटला ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावर होता; 100 रुपये दंड झाला. 1934 चा खटला लेखावर नव्हताच. तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. हस्तमैथुन, समलिंगी संबंध असल्या गोष्टी लोकांनी विचारल्या आणि संपादकाने उत्तरं दिली, हा गुन्हा. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा : मासिक लैंगिक आरोग्याला वाहिलेलं आहे, वाचक त्याच विषयातलं विचारणार, मग उत्तर द्यायचं नाही म्हणजे मासिक बंद करायचं का? विकृती असेल तर ती जाणार कशाने? ज्ञानानेच ना? न्यायालयाला हे पटलं नाही. 200 रुपये दंड झाला.

म्हणजे आपल्याकडे लैंगिक शिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग अभ्यासक्रमावर नाही, पुस्तकावर नाही, तर प्रश्नपेटीवर पकडला गेला. हे वाचलं त्या दिवशी एस.टी.त बसून मी घरी येईपर्यंत दुसरा विचार केला नाही.

त्याच सुमाराला वर्ध्याला दुसरी पद्धत मांडली जात होती. डिसेंबर 1935 मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला आल्या. संततिनियमनाची साधनं बाईला सुटका देतील असं त्यांचं म्हणणं. गांधीजींचं म्हणणं, संयमच पाहिजे, साधनं नकोत. दोघंही आपापल्या जागी राहिले. पण दुसऱ्या वर्षी ‘हरिजन’मध्ये, मुलामुलींना कामविज्ञान शिकवावं का, या प्रश्नावर गांधीजींनी लिहिलं की शिकवावं. मात्र वासना जिंकायला शिकवणारं, चेतवणारं नाही. गांधीजींच्या नावावर शिक्षण नको म्हणणाऱ्यांनी तेवढा लेख वाचायला हवा होता. झालं असं, की ‘शिकवावं’ हा भाग गळला आणि संयमाचा उपदेश उरला. उपदेशाला पैसे लागत नाहीत, त्याबद्दल कुणी दंडही करत नाही. 1938 साली आंबेडकरांच्या पक्षातर्फे रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही पडला. कर्वे 14 ऑक्टोबर 1953 ला गेले आणि त्यांच्यामागे महिन्याभरात मासिकही.

नंतर सरकारनेच ते काम हातात घेतलं, पण पोरांसाठी नव्हे, लोकसंख्येसाठी. लाल त्रिकोण एस.टी.च्या पाठीवर, दवाखान्याच्या भिंतीवर, काडेपेटीवर. 1968 साली निरोध आलं, 15 पैशांना 3. उपकेंद्रात ते फुकट मिळायचं आणि आम्ही पोरं ते फुगवून खेळायचो. मोठी माणसं बघून ओरडायची, पण का ओरडतात ते सांगायची नाहीत. पुढे 1980 पासून ‘लोकसंख्या शिक्षण’ हा शब्द शाळेत शिरला. मी स्वतः आलेख काढून शिकवलंय : जन्मदर, मृत्युदर, धान्य, पाणी. देशात मुलं किती होतात याचा हिशेब मुलांना तोंडपाठ होता. मूल होतं कसं, ते मात्र वर्गाबाहेर शिकायचं.

विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा धडा होता की. पण तो शिकवायची एक ठरलेली रीत होती. जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद फळ्यावर रंगीत खडूने अर्धा तास, बेडकाचं जीवनचक्र एक तास, आणि मग “पुढचं घरी वाचा.” आमच्या शाळेत एक ज्येष्ठ सर होते, ते तर सरळ सांगायचे, “दोन मार्कांना येतं. ऑप्शनला टाका.” त्यांना हसावं, तर माझं पहिलं वर्षही असंच गेलंय. 1979 साली, नवी नोकरी, समोर माझ्याहून उंच पोरं. मी तो धडा वाचून दाखवला, वर न बघता, आगगाडीच्या वेगाने. मागच्या बाकावरून खाकरल्याचा आवाज आला आणि मी घंटेआधी वर्ग सोडला.

वर्षातून एकदा सॅनिटरी नॅपकिनच्या कंपनीच्या बायका यायच्या. मुलग्यांना मैदानावर पिटाळायचं, मुलींना हॉलमध्ये कोंडायचं, खिडक्यांना सतरंज्या. अर्ध्या तासाची फिल्म, प्रत्येकीला एक पाकीट, टाळ्या. मुली पाकीट दप्तरात खाली दडवून बाहेर यायच्या आणि मुलगे फाटकापासून विचारायचे, “काय दिलं गं?” त्या पाकिटाचं त्या करणार काय? शाळेच्या संडासाला कडी नव्हती, आत पाणी नव्हतं. महिन्याचे ते चार दिवस निम्म्या मुली घरीच असायच्या. हजेरीपटावर माझ्या अक्षरात तो आलेख आहे, जन्मदराच्या आलेखापेक्षा खरा.

मग एड्स आला. देशात पहिली नोंद 1986 ची, मद्रासची. नव्वदीच्या मध्याला तो आमच्या घरापाशी होता. सांगली-मिरज हा रस्त्यांचा, ट्रकांचा, दवाखान्यांचा भाग. ‘मिरजेला नेलाय’ म्हणजे काय ते कळायला लागलं. शाळांना भित्तिपत्रकं आली : कवटी, काळा राक्षस, फास. चित्रकला स्पर्धा झाल्या, मुलांनी हौसेने राक्षस रंगवले. बक्षीस मिळालेलं चित्र आमच्या व्हरांड्यात दोन वर्षं टांगलेलं होतं. त्याच व्हरांड्यातून आठवीतला एक मुलगा रोज एकटा जायचा. वडील त्या रोगाने गेलेले. त्याच्या बाकावर कुणी बसेना, माठाजवळ गेला की पोरं पेला आपटायची. दिवाळीनंतर तो आला नाही. आम्ही शिक्षकांनी दोनदा निरोप धाडला आणि हजेरीपटातून नाव कमी केलं.

पेटी त्या दिवाळीनंतर सुरू झाली, 1994 साली. युक्ती माझी नव्हे. कुठल्याशा शिबिरात ऐकलेली. पहिल्याच महिन्याच्या चिठ्ठ्या बघितल्या आणि राक्षसाच्या चित्रांनी काय केलं होतं ते कळलं. ‘डास चावला तर होतो का?’ ‘न्हाव्याच्या वस्तऱ्याने?’ ‘शाळेच्या माठाने?’ आणि एक, बारीक अक्षरात : ‘माझे वडील ट्रकवर आहेत. आले की मी त्यांच्या ताटात जेवतो.’ याच्यापुढे प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं. मी वर्गाला रोग कशाने होतो आणि कशाने होत नाही ते सगळं फळ्यावर लिहून दिलं आणि शेवटी, कुणाकडे न बघता, म्हटलं, “वडिलांच्या ताटात खुशाल जेवा.”

भीती दाखवून शिकवलं की काय होतं याचा माझा एवढाच अभ्यास आहे. भीती लक्षात राहते, रोगाचा रस्ता लक्षात राहत नाही.

चिठ्ठ्यांची मी वही ठेवली होती. विषय, मुलगा की मुलगी याचा अंदाज, तारीख. शास्त्रीय म्हणावं असं त्यात काही नाही. पण पहिल्या वर्षी सगळे प्रश्न भीतीचे आणि पापाचे : वेड लागतं का, मूल होणार नाही का, देव शिक्षा करतो का. तिसऱ्या वर्षापर्यंत प्रश्नांची चाल बदलली. ‘नाही म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं?’ ‘दहावी झाली की मामाच्या घरी देणार आहेत. 18 पूर्ण नाहीत. कुणाकडे जायचं?’ ‘ओळखीच्याच माणसाने हात लावला तर कुणाला सांगायचं?’ या शेवटच्या चिठ्ठीवर मी वर्गात फार बोलले नाही. एवढंच सांगितलं, की शाळा सुटल्यावर मी रोज प्रयोगशाळेत एकटी वह्या तपासत बसणार आहे. तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली. 2012 चा पॉक्सो कायदा तेव्हा व्हायचा होता. मी काय केलं आणि काय करायला हवं होतं, यावर मी अजून रात्री विचार करते. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलं-मुली एकत्र की वेगळ्या, यावर प्रशिक्षणांत तासन्‌तास भांडणं होतात. माझा अनुभव : पहिला महिना वेगळ्या, पुढे एकत्र. मुलग्यांना पाळीबद्दल सांगितलं त्या वर्षापासून बाकावर डाग दिसला की खिदळणं थांबलं. एकाने आपला स्वेटर पुढे केला होता. बस्स.

माझ्यासारख्या एकट्यादुकट्या शिक्षकांपेक्षा पक्कं काम करणारे लोक याच महाराष्ट्रात होते. गडचिरोलीला डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 92 टक्के बायकांना जननेंद्रियांचा कुठला ना कुठला आजार निघाला आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. ‘लान्सेट’मध्ये हे 1989 साली छापून आलं. एवढी वर्षं बायका बोलल्या कशा नाहीत, असं लोक विचारत. कावळा शिवला, यापलीकडे शब्दच दिलेले नसतील तर बोलणार कशाने? पुढे बंगांच्या ‘सर्च’ने तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली, सलग काही दिवसांची, मोकळ्या प्रश्नोत्तरांची.

आणि पाचोड. पैठण तालुक्यातल्या या गावी असलेल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदीच्या अखेरीला किशोरवयीन, लग्न न झालेल्या मुलींचे वर्ग चालवले. रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर. शरीर, आहार, पाळी, पण त्याबरोबर पंचायत, दवाखाना, बँक, कायदा. शिकवणाऱ्या गावातल्याच बायका. आईबापांना आधी बसवून सगळं समजावलेलं. दुसरीकडे हा वर्ग नसलेली गावं, तुलनेला. वर्ग झालेल्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय 16 वरून 17 वर गेलं. शहरातल्या माणसाला एक वर्ष म्हणजे काय वाटणार! मी हे प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा माझ्या दहावीच्या यादीवरून बोट फिरवलं होतं. एक वर्ष म्हणजे दहावीची परीक्षा. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळजवळ 22 टक्के बायकांचं लग्न 18 च्या आत झालेलं होतं, असं 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. पाचोडचा तो तासभराचा वर्ग अजून जुना झालेला नाही.

2007 साली मात्र उलटा वारा सुटला. केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाचे तक्ते शाळांत आले होते, आम्हा काहींची प्रशिक्षणं झाली होती. विधिमंडळात गदारोळ उठला. चित्रं अश्लील आहेत, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, मुलं बिघडतील. राज्य सरकारने कार्यक्रम थांबवला. मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, राजस्थान, कुणी आधी कुणी नंतर, सगळे त्याच वाटेने गेले. दोन वर्षांनी राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको असाच अहवाल दिला. आमच्या हेडसरांनी तक्त्यांची गुंडाळी माझ्यादेखत कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, “बाई, तुमची ती पेटीपण जरा दिवस आत राहू द्या.” माणूस वाईट नव्हता. त्यांना दोन वर्षांनी निवृत्त व्हायचं होतं.

योगायोग असा, की त्याच 2007 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत तिथल्या सरकारनेच करवून घेतलेला एक अभ्यास बाहेर आला. तिथे 1996 च्या कायद्याने ‘लग्नापर्यंत संयम, बाकी काही सांगायचं नाही’ अशा शिक्षणाला केंद्र सरकार वर्षाला 5 कोटी डॉलर देत होतं. अशा चार कार्यक्रमांतली आणि त्यांच्याबाहेरची मिळून 2,000 हून जास्त मुलं काही वर्षं पाहिली. निकाल : काहीच फरक नाही. संयम पाळणारे दोन्हीकडे निम्मेच. सुरुवात करणाऱ्यांचं सरासरी वयही दोन्हीकडे सारखंच. संयमाची शपथ घेतलेल्या मुलांचा आणखी एक अभ्यास 2009 साली आला. पाच वर्षांनी त्यांतले 82 टक्के आपण शपथ घेतलीच नव्हती असं सांगत होते! आणि शपथवाल्यांत साधनं वापरणारे उलट कमी. युनेस्कोने त्याच वर्षी देशोदेशींचे 87 अभ्यास एकत्र ठेवले. सगळं नीट सांगितलं म्हणून मुलांनी घाईने सुरुवात केली असं एकाही अभ्यासात निघालं नाही. काही ठिकाणी तर ती पुढे गेली. विधिमंडळात ज्या भीतीवर कार्यक्रम बंद झाला, तिला जगात कुठे आधार सापडला नव्हता. हे मी एका कागदावर मराठीत लिहून शिक्षकांच्या खोलीत चिकटवलं. तिसऱ्या दिवशी तिथे सहलीच्या वर्गणीची सूचना होती.

आता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे सगळं आलंय, 2018 पासून : मासिक पाळी, जुळी, टेस्ट ट्यूब, सरोगसी. धडा चांगला आहे. माझी नात तो शिकून आली. मी विचारलं, “बाईंनी शिकवला का?” म्हणाली, “व्हिडिओ लावला, आजी.”

मी 2014 साली निवृत्त झाले. जायच्या आधी प्रयोगशाळेचं डेड स्टॉक रजिस्टर पुरं करून द्यावं लागतं. परीक्षानळ्या, फुटक्या, मानवी सांगाडा, एक, उजवा हात नाही, तक्ते, रंगीत, संच 1. कपाटातून ती गुंडाळी निघाली तेव्हा कसरीने कडा खाल्ल्या होत्या. लिपिकाने शेऱ्याच्या रकान्यात ‘निरुपयोगी, निर्लेखन करावे’ असं लिहिलं. तो माझाच विद्यार्थी, 1996 च्या नववी ‘ब’चा. खालच्या खणात बुटांचं खोकं होतं.

“बाई, याचं काय लिहू?”

“काही नको. रजिस्टरला नाहीये ते. माझं आहे.”

त्याने खोकं उचललं, चिरेतून आत बघितलं, हलवलं. आत चिठ्ठ्यांची वही आणि काही सुट्ट्या चिठ्ठ्या होत्या.

“मी दोन्ही वर्षं कोरीच टाकली,” तो म्हणाला.

“का रे?”

“ज्याला विचारायचंय तो विचारतोय की. ऐकायला तर सगळंच मिळायचं.”

मग त्याने रजिस्टर माझ्याकडे वळवलं आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.